चौथ्या दाराची ओळ

जिन्याच्या वळणावर मी थांबले ती थांबलेच. मॉन्ट्रियलमध्ये आमच्या गल्लीत सगळ्या घरांचे जिने बाहेरून, लोखंडी, पिळदार. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा कठड्यावर, आणि तोंडात पापांचं गाणं. सहज गुणगुणत होते. गाण्यातलं पहिलं दार झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि चौथ्या दारापाशी काहीच नाही. शब्द जिभेवर आहे पण येत नाही, असंही नाही. काहीच नाही. आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि आधीच जमीन लागावी, तसा हिसका बसला. पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच. खालची पोर्तुगीज म्हातारी पडदा सारून बघायला लागली. बरोबरच आहे, पन्नाशी उलटलेली बाई जिन्यात उभी राहून तेच तेच पुटपुटतेय म्हटल्यावर कोणीही बघेल. मी वर गेले, कांदे टोपलीत ओतले, आणि आदल्या दिवशी फोनवर फेर्नांला दिलेला शब्द आठवला.

फेर्नां माझा थोरला भाऊ. गावी, सेंत-कितेरीत, पापांच्याच घरात राहतो. बायको सोडून गेली तेव्हापासून तो आणि पापा असे दोघंच होते, आणि आता तो एकटा. फोन करणं त्याच्या स्वभावात नाही. पापा फेब्रुवारीत गेले हेसुद्धा मला आत्याकडून कळलं. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या माणसाला लगेच माती मिळत नाही, जमीन दगड झालेली असते. पेटी दफनभूमीच्या कडेला दगडी कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात जमीन सैल झाली की पुरतात. म्हणजे एकदा रडून डोळे पुसायचे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. यंदा योग असा की ज्या शनिवारी सकाळी पापांना माती द्यायची ठरली, त्याच दुपारी गावच्या चर्चमध्ये आमचा कार्यक्रम होता. चर्चचं छप्पर गळतंय म्हणून गावानं आधीच ठरवलेला. आम्ही चौघं: क्लेमां व्हायोलिनवर, बेनुआ अकॉर्डियनवर, त्याची बहीण गिटारवर, आणि मी गळ्यानं आणि पायांनी. पायांनी म्हणजे खुर्चीत बसून, कडक तळव्याचे बूट घालून, खालच्या फळीवर ताल धरायचा. आमच्या संगीतात ढोल नाही, पायच ढोल. फेर्नां फोनवर म्हणाला की सकाळी ते जमिनीत जातील, म्हणजे दुपारी त्यांचं गाणं मोकळं होईल, तर ते तू म्हण. मी म्हटलं, म्हणेन की. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

हे ‘मोकळं होणं’ आमच्यात असतं. आमच्या घरांतून प्रत्येकाचं एक गाणं असतं, आणि माणूस मातीआड होत नाही तोवर ते दुसऱ्यानं चारचौघांत म्हणायचं नाही. कोणी कायदा केलेला नाही, पण शेजाऱ्याचा टूथब्रश जसा कोणी तोंडात घालत नाही, तसं. फ्लोरिदा आत्याचं गाणं नवऱ्याला बैलाऐवजी विकायला नेणाऱ्या बाईचं. अमुक काकाचं दारूच्या पिंपाचं. पापांचं टोपीचं. लाकूडतोडीचा मोसम संपवून एक जण घरी निघालेला असतो, पुराची नदी त्याची टोपी पळवते, आणि तो दारोदार विचारत फिरतो. नववर्षाच्या जेवणानंतर खुर्च्या भिंतीला लागल्या की पापा चुलीशेजारी बसायचे, दोन्ही पाय फळीवर, आणि ओळ द्यायचे. ओळ दिली की सगळ्या घरानं तीच ओळ परत द्यायची. पुढची दिली, ती परत. त्यांनी नुसतं खाकरलं तरी आम्ही खाकरून उत्तर द्यायचो आणि मग सगळे हसून लोळायचे. आता यात गोम अशी, आणि ती मला जिन्यात उभं राहीपर्यंत कधी सुचली नव्हती, की उत्तर देणाऱ्याला पुढचं काय ते माहीत असावं लागतच नाही. ओळ मिळते, तो परत करतो. उभा जन्म मी ते गाणं म्हणत आले असं मला वाटत होतं. मी ते नुसतं परत करत आले होते.

आधी वाटलं, येईल. भांडी घासताना, केस धुताना, भुयारी रेल्वेत दार लागता लागता येईल. गाण्याच्या मागे लागलं की ते पळतं, पाठ फिरवली की येऊन बसतं, हा माझा धंद्यातला अनुभव. पण मला पाठ फिरवताच येईना. पाय स्वस्थ बसेनात. दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडले असताना खाली टाचा वाजत होत्या, आणि तो बिचारा विचारत होता की दुखतंय का. तीन दारं स्वच्छ होती. पहिल्या दारी चक्कीवाली. टोपी नाही, पाव घे म्हणते. दुसऱ्या दारी नावाडी. टोपी नाही, वल्हं घे म्हणतो. तिसऱ्या दारी फादरची स्वैपाकीण. टोपी नाही, शिव्या घे म्हणते, आणि इथं आमची सगळी पोरंसोरं जोरात ओरडायची. चौथ्याला पापांचा आवाज खाली यायचा. हे मला पक्कं आठवतं. आवाज खाली यायचा, चुलीवर वाळत घातलेल्या लोकरी हातमोज्यांचा ओला वास यायचा, माझ्या डाव्या दंडाला आईचं कोपर लागलेलं असायचं, आणि आई मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघायची. मग आम्ही सगळे, आवाज खाली आणूनच, ती ओळ परत द्यायचो. वास आठवतो, कोपर आठवतं, ओळ नाही. मला त्या पोरीचा, म्हणजे लहानपणच्या माझाच, राग आला. आईकडे बघत बसायला तुला कोणी सांगितलं होतं?

आत्याला फोन लावला. नव्वदीच्या घरात आहे, पण जीभ तिखट. ती म्हणाली, मला येत नाही होय? माझ्या भावाचं गाणं आणि मला येत नाही? तू ओळ दे, मी दणक्यात परत देते बघ. मी म्हटलं, आत्या, ओळच तर पाहिजे. ती म्हणाली, सुरुवात कर, आपोआप येईल. मी सुरुवात केली. तिनं तीन दारं खणखणीत परत दिली आणि चौथ्याला दोघी फोनवर श्वास घेत बसलो. मग ती म्हणाली की फेर्नांला विचार, तो बरोबर राहायचा. फेर्नांला विचारायची माझी छाती झाली नाही. त्यानं मला ते म्हणायला सांगितलं होतं ते मी गाणारी म्हणून. घरात दोन पोरं, एकानं बापाचं सगळं केलं, आंघोळी घातल्या, गोळ्या दिल्या, बर्फ उपसला. दुसरी शहरात जाऊन गाणारी झाली आणि वर्षातून एकदा तोंड दाखवायला आली. माझ्या वाट्याला एवढं एकच काम आलं होतं. तेही मला येत नाही असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

ध्वनिमुद्रण का नाही, असं क्लेमांनं विचारलं. सगळे तेच विचारतील. पापांना यंत्र चालायचं नाही. विद्यापीठातून एक जण टेप घेऊन आला होता, मी तेव्हा शाळेत होते. पापांनी त्याला कॉफी पाजली, मेपलचा पाक बरोबर दिला, आणि म्हणाले की हे डबडं उत्तर देत नाही, मी कोणाला ओळ देऊ? पुढं मी स्वतः गाणारी झाले, माझे स्वतःचे ध्वनिमुद्रण करणारे लोक होते, तरी मी पापांना विचारलं नाही. का नाही, तर एकदा ते मॉन्ट्रियलला आले होते, माझा कार्यक्रम ऐकायला म्हणून एकदाच, आणि नंतर कोट चढवता चढवता म्हणाले होते, छान गातेस, पण तू उत्तराची वाट बघत नाहीस. त्यावर मी सहा-सात महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. नंतर आई गेली आणि त्यांनी गाणंच टाकलं. नववर्षाला खुर्च्या भिंतीला लागायच्या, सगळे त्यांच्याकडे बघायचे, ते म्हणायचे, घसा बसलाय. इतकी वर्षं घसा बसतो का कोणाचा?

क्लेमांचा तोडगा सरळ होता. तीन दारं पुष्कळ झाली, तिसऱ्यावर हशा येतो, तिथूनच मी नाचाची धून उचलतो, कोणाला पत्ता लागणार नाही. गाडीत, वाटभर, त्यानं हे तीनदा सांगितलं. बाहेर नदी अजून तपकिरी होती, शेतांच्या सखल कडांना पुराचं पाणी तसंच. मी म्हटलं, गावाला पत्ता लागेल. तो म्हणाला, गावालाही आठवत नाही असं तूच म्हणालीस. मी म्हटलं, आठवत नाही, पण चौथं दार आहे एवढं माहीत आहे. त्यावर तो म्हणाला की निदान पाय तरी हलवू नकोस, सगळी गाडी हलतेय.

सकाळी माती दिली. फादर महिन्यातून एकदा येणारे, पाच गावांचे मिळून एक. त्यांनी पापांचं नाव नीट उच्चारलं, ओनेझिम, याचंच आत्याला कौतुक. कोठीतून पेटी बाहेर काढताना फेर्नां एका बाजूला होता. त्याचा जुना काळा कोट पाठीत उसवला होता आणि तो कोणी शिवलेला नव्हता. मी तिथं उभी राहून काय करत होते? बाप जमिनीत चाललाय आणि मी मनातल्या मनात दारं ठोठावत होते. चक्कीवाली, नावाडी, स्वैपाकीण. दोरखंड सैल झाले, पेटी खाली टेकली, ओल्या मातीचा पहिला आवाज आला, आणि मला हुंदका फुटला तो दुःखाचा होता की निव्वळ चिडीचा, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही ती ओळ बरोबर घेऊन चाललात, असं मी त्यांना म्हटलं. मोठ्यानं नाही. फेर्नांनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मी पापांसाठी रडतेय.

दुपारी चर्च भरलं. सगळी घरं आपापल्या जुन्या बाकांवर, कोणी सांगायला नको. आमचा बाक डावीकडून दुसरा. फेर्नां आणि आत्या तिथं बसले, आणि कडेची जागा पापांची म्हणून त्यांनी रिकामी सोडली होती. त्या इमारतीत पूर्वी आमच्या नाचगाण्याला चांगल्या शिव्या पडलेल्या. आत्या सांगते की तिच्या लहानपणी व्हायोलिन म्हणजे सैतानाचं खेळणं असं तिथूनच प्रवचन व्हायचं. आता त्याच वेदीसमोर मी फळी टाकून पाय आपटत होते, आणि ती पहिल्या धुनेपासून मांडीवर ताल धरत होती. बेनुआनं अकॉर्डियन असं काही वाजवलं की मागचे लोक उठून उभे राहिले. मला काही ऐकू येत नव्हतं. गाणी तोंडातून आपोआप जात होती, सवयीचं काम. पाय जरा जास्तच वेगात होते. क्लेमां व्हायोलिनचा गज चालवता चालवता माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मग त्यानं व्हायोलिन मांडीवर ठेवलं, आणि चर्चमध्ये शांतता झाली, कारण आता काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी ओळ दिली. ‘लाकडं सोडून घरी निघालो, नदीनं माझी टोपी नेली.’ आणि ती परत आली. अहो, काय परत आली. मी तीस वर्षं गातेय, मोठ्या मोठ्या सभागृहांत गायलेय, तिथं लोक टाळ्या वाजवतात. इथं दोन-तीनशे माणसांनी, शेतकऱ्यांनी, नर्सनी, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनी, ती ओळ उचलून छपरापर्यंत नेली आणि माझ्या ओंजळीत परत टाकली. पहिलं दार. दुसरं दार. तिसऱ्याला पोरं ओरडली, अगदी तशीच. आणि मग मी आले त्या जागी. पाय चालूच होते, फळीवर नुसता ताल, टक टक टक टक, आणि मी तो लांबवला. लोकांना वाटलं मी मुद्दाम ताणतेय, पापाही ताणायचे. कोणीतरी खुदकन हसलं. क्लेमांचा हात व्हायोलिनकडे गेलेला दिसला, तो मला वाचवायला निघाला होता. मी मानेनंच नको म्हटलं. पापा, मी वाट बघत नाही म्हणत होतात ना, बघा, मी वाट बघतेय. पण आली नाही. ओळ आलीच नाही. समोर फेर्नां होता, त्याच्या बाजूला ती रिकामी जागा होती, आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

‘चौथं दार माझंच होतं, आत कोणीच नव्हतं.’

हे मी म्हटलं. कुठून म्हटलं, कोण जाणे. म्हणून झाल्यावर कानात गेलं तेव्हा मी गारठले. आता गाव थांबेल, आत्या उठून म्हणेल की हे काय भलतंच, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी आशाही होती, कारण चूक ओळ कानावर पडली की बरोबर ओळ कोणाला तरी आठवतेच. एक क्षण गेला. मग सगळ्या चर्चनं, आवाज खाली आणून, ती ओळ मला परत दिली. चौथं दार माझंच होतं, आत कोणीच नव्हतं. एकही जण अडखळला नाही. मिळाली ती परत करायची, हे हाडात मुरलेलं. फेर्नांचे ओठ हलताना मी बघितले, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. क्लेमांनं धून उचलली, लोक उभे राहिले, आणि माझे पाय वाजत राहिले.

नंतर तळघरातल्या हॉलमध्ये बायकांनी अंड्याचे सँडविच, बीटाचं लोणचं, मेपलच्या साखरेच्या वड्या मांडल्या होत्या. जो भेटेल तो माझे हात हातात घेत होता. आत्यानं मला खाली वाकायला लावून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, हुबेहूब ओनेझिम, आवाज उतरवलास तोसुद्धा हुबेहूब. मी म्हटलं, आत्या, चौथी ओळ... ती म्हणाली, तीच तर. मला फोनवर आठवेना आणि तू मेली मला छळत होतीस. मी हातातलं सँडविच ताटलीत ठेवलं. फेर्नांला शोधलं. तो कोपऱ्यात, भिंतीला लागलेल्या खुर्चीवर बसला होता, आणि शेजारची खुर्ची त्यानं माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी बसले. माझ्या दंडाला त्याचं कोपर लागलं. मी मनाशी ठरवलं होतं की ह्याला सांगायचं, आज, आत्ता, उद्यावर टाकलं की झालं.

तोच आधी बोलला. एवढं सलग बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. म्हणाला, मला भीती होती तू विसरली असशील. मी स्वतः विसरलो होतो. तुला सांगितलं नाही, लाज वाटली. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिलो आणि ती एक ओळ माझ्याजवळ नव्हती. ते गेल्यापासून रोज संध्याकाळी कुलूप काढून आत जातो ना, तेव्हा काहीतरी आठवल्यासारखं होतं आणि आठवत नाही. आज तू म्हटलीस आणि वाटलं, हेच. त्यांना माहीत होतं. एवढं जुनं गाणं, आणि माझंच घर.

मग म्हणाला, ‘मला दे ते. नववर्षाला कोणीतरी ओळ द्यायला पाहिजे. मी म्हणतो, तू परत दे. चुकलो तर सांग.’

आणि त्यानं सुरुवात केली. त्याला सूर नाही, पण पाय पापांचे आहेत, सावकाश आणि जड. मी परत देत गेले. नदीनं टोपी नेली. चक्कीवाली. नावाडी. किती वर्षांनी मी त्या बाजूला बसले होते, पुढचं काय ते माहीत नसलेल्या बाजूला. तिसऱ्या दाराला आम्ही दोघंही ओरडलो आणि लोकांनी वळून बघितलं. त्यानं आवाज खाली आणला, चौथं दार माझंच होतं म्हणाला, आत कोणीच नव्हतं म्हणाला, आणि माझं तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून आलं:

‘चौथ्या दारी तूच उभी, टोपी तुझ्याच डोक्यावर.’

आली. अशी आली. सबंध, तिच्या चालीसकट. म्हणून आई मान खाली घालायची. सगळं घर, पन्नास माणसं, सासूसासरे, दीर, पोरंबाळं, सगळी तिला एका आवाजात म्हणायची की तूच उभी, टोपी तुझ्याच डोक्यावर, आणि ती मान खाली घालून हातांकडे बघत हसायची. हो, हसायची. हसू मी विसरलेच होते. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी फेर्नांचा दंड धरला.

त्याचे पाय थांबले होते. तो माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, काळजीनं, दमलेल्या माणसाकडे बघावं तसा.

‘हे दुसऱ्या कुठल्यातरी गाण्यातलं,’ तो म्हणाला. ‘तुझ्या डोक्यात शंभर गाणी, मिसळणारच. वर बरोबर म्हटलंस की. पुन्हा घेऊ. नीट म्हण, ओदिल.’

मी तोंड उघडलं. हे खरं, ते मी रचलं, चर्चमध्ये, तुझ्याकडे बघून, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याचे पाय पुन्हा सुरू झाले होते, डोळे मिटलेले होते, उसवल्या कोटातली पाठ ताठ झाली होती, आणि आता आवाज खाली आणताना तो अगदी पापांसारखा दिसत होता. त्यानं ओळ दिली. आत कोणीच नव्हतं.

मी ती परत दिली.